वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप: अभ्यास होतो की नुसते फॉरवर्ड?

मार्च २०२० मध्ये शाळांना टाळे लागले आणि जळगाव-धुळ्यासह राज्यभर वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप हीच शाळा झाली. शाळा पुन्हा भरल्या, ग्रुप मात्र राहिले. त्यांचा खरा उपयोग कशात?

सुरुवात कशी झाली?
एससीईआरटीने एप्रिल २०२० मध्ये ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला सुरू केली. ‘दीक्षा’ अ‍ॅपवरील धड्यांच्या लिंक ग्रुपवर येऊ लागल्या. नोव्हेंबरमध्ये ‘स्वाध्याय’ उपक्रम आला. त्यात प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवरच सोडवायचे होते.

दोन्हींत फरक काय?
लिंक पाठवली तरी मुलाला धडा समजला की नाही, ते शिक्षकांना कळत नाही. उत्तर परत आले की चूक नेमकी दिसते. घरी अहिराणी किंवा पावरी बोलणाऱ्या मुलाने धडा वाचून पाठवलेला मिनिटभराचा ऑडिओही हेच काम करतो.

अडचण कुठे?
अनेक घरांत फोन एकच, तोही पालकांसोबत शेतात जातो. सातपुड्यातल्या पाड्यांवर रेंजचा प्रश्न. शिवाय व्हॉट्सअ‍ॅप खात्यासाठी किमान वय १३ वर्षे; त्यामुळे प्राथमिक वर्गांच्या ग्रुपमध्ये नंबर पालकांचाच हवा.

मग काय करावे?
• दिवसाला एकच प्रश्न द्या, तोही संध्याकाळी, फोन घरी आल्यावर.
• उत्तर वहीत लिहून फोटो पाठवायला सांगा.
• फोन नसलेल्या मुलांना तोच प्रश्न वर्गात फळ्यावर द्या आणि वही सकाळी तपासा.
• गुण आणि चुका ग्रुपवर जाहीर करू नका.

ग्रुपवर गप्प असलेल्या मुलाला आधी विचारा, घरी फोन आहे का?