जुन्या रेकॉर्डचा व्यापार आणि आतले पाकीट

मुंबईच्या चोर बाजारात, विशेषतः मटन स्ट्रीटवर, जुन्या ग्रामोफोन रेकॉर्डचा धंदा करणारे आपल्या समाजातील अनेक दुकानदार आहेत. कॅसेट आली, मग सीडी आली, तेव्हा या मालाकडे कोणी पाहात नव्हते. रेकॉर्डी भंगारात वजनावर जात. आता दिवस पालटले आहेत. अमेरिकेत २०२२ साली रेकॉर्डची विक्री नगांच्या हिशेबाने सीडीच्या पुढे गेली. १९८७ नंतर असे प्रथमच घडले. आपल्याकडेही तरुण गिऱ्हाईक कव्वाली, गझल आणि जुन्या चित्रपटांच्या तबकड्या शोधत येते. ते रेकॉर्ड बाहेर काढते, उजेडात तिरकी धरते आणि ओरखडे पाहून भाव ठरवते.

संगीताविषयी उलेमांमध्ये मतभेद आहेत. तो विषय या पानाचा नाही. शिवाय जुन्या पेटीत फक्त गाणीच असतात असेही नाही. नअत असते, मुशायरे असतात. इजिप्तचे कारी शेख महमूद खलील अल हुसरी यांच्या आवाजात १९६१ साली संपूर्ण कुरआनची किरअत तबकड्यांवर निघाली होती. मिरजेशी ज्यांचे नाव जोडले गेले ते खाँसाहेब अब्दुल करीम खाँ १९३७ मध्ये वारले, त्यांचा आवाज आज ऐकायला मिळतो तो रेकॉर्डमुळेच. असा माल हाती आला की तो अमानतच समजला पाहिजे.

आम्ही कापडाच्या व्यापारातले. गोदामात ठेवलेला माल गाठीच्या आतून कसा खराब होतो, हे आमच्या धंद्याने आम्हाला शिकवले. बाहेरची गोणी साबूत दिसते आणि आतला तागा पिवळा पडलेला निघतो. रेकॉर्डचेही तसेच आहे. बाहेरचे छापील जाकीट सर्वांना दिसते, पण तबकडीला रात्रंदिवस चिकटून असते ते आतले पाकीट. म्हणून त्याची निवड डोळसपणे केली पाहिजे.

आधी तबकडी ओळखा

रेकॉर्ड दोन जातीच्या. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या लाखेच्या असतात. त्या जड असतात आणि पडल्या की फुटतात. आपल्या देशात त्या १९६० नंतरच्या दशकातही निघत होत्या. दुसरी जात व्हिनाइलची. ३३ फेऱ्यांची १२ इंची एलपी १९४८ मध्ये आणि ४५ फेऱ्यांची ७ इंची रेकॉर्ड १९४९ मध्ये अमेरिकेत प्रथम बाजारात आली. व्हिनाइल लवचिक असते, पण त्यावर ओरखडा लवकर उठतो. शिवाय घासले की त्यात वीज भरते आणि ते धूळ ओढून घेते. पॉलिस्टरचे कापड अंगाला चिकटते, तोच हा प्रकार. एलपीवरची खाच माणसाच्या केसाइतकीही रुंद नसते. तिच्यात धुळीचा कण बसला की सुई खरखरते, आणि तोच कण पाकिटात घासला गेला की कायमची रेघ उमटते.

कोणते पाकीट घ्यावे?

साधे कागदी पाकीट सर्वात स्वस्त. मात्र खरबरीत कागदाचे तंतू सुटतात आणि खाचेत जाऊन बसतात. हलक्या कागदात आम्ल असते, म्हणून तो काही वर्षांत पिवळा आणि ठिसूळ होतो. व्हिनाइलसाठी असे पाकीट तात्पुरते ठीक, कायमचे नव्हे.

कागदाच्या आत पातळ पॉलिथीनचे अस्तर लावलेले पाकीट अधिक चांगले. कागदामुळे ते ताठ राहते आणि अस्तरामुळे तबकडी घासली जात नाही. दुकानात रोज हाताळल्या जाणाऱ्या मालाला हे सोयीचे पडते.

निव्वळ प्लॅस्टिकमध्ये हाय डेन्सिटी पॉलिथीन, म्हणजे व्यापाऱ्यांच्या भाषेत एचडीपीई, सर्वात भरवशाचे. ते दुधी रंगाचे, पातळ आणि गुळगुळीत असते. बाजारात याला 'राइस पेपर' म्हणून विकतात, पण त्यात तांदूळही नसतो आणि कागदही नसतो. गिऱ्हाइकाला खरे नाव सांगावे. काही महागड्या पाकिटांत अशा दोन थरांमध्ये कागद घातलेला असतो. वीज कमी धरण्याची प्रक्रिया केलेली पाकिटेही मिळतात. मौल्यवान तबकडीला तो खर्च शोभतो, दहा-वीस रुपयांच्या मालाला नाही.

पीव्हीसीच्या पाकिटापासून मात्र दूर राहावे. ते काचेसारखे पारदर्शक आणि दिसायला उठावदार असते. त्याला मऊ करण्यासाठी जे तेलकट द्रव्य घातलेले असते ते उष्णतेने आणि दाबाने बाहेर येते. तबकडीवर त्याचा धुरकट डाग पडतो आणि तो बहुधा निघत नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या गाळ्यात हे काम आणखी लवकर होते. बाहेरच्या जाकिटावर चढवायलासुद्धा पीव्हीसी न घेता पॉलिथीन किंवा पॉलिप्रॉपिलीन घ्यावे.

ओळखायचे कसे? कापडवाला धागा जाळून वास घेतो, पण पीव्हीसी जाळू नये, त्याचा धूर विषारी असतो. सोपी रीत अशी : पाकिटाचा छोटा तुकडा साबणाचे बोट लावून पाण्यात बुडवा आणि चिकटलेले बुडबुडे झटका. पॉलिथीन आणि पॉलिप्रॉपिलीन वर तरंगतात, पीव्हीसी तळाशी जाते.

लाखेच्या तबकड्यांना वेगळा नियम

७८ च्या रेकॉर्डला हवाबंद प्लॅस्टिक नको. ओल आत कोंडली की बुरशी धरते, आणि कोकणपट्टीचा पावसाळा आपण जाणतोच. त्यांना जाड, गुळगुळीत, आम्लविरहित कागदाचे पाकीट उत्तम. अशी तबकडी स्पिरिटने कधीही पुसू नये, कारण स्पिरिटमध्ये लाख विरघळते.

पाकीट बदलण्यापूर्वी

मळकी तबकडी नव्या पाकिटात घालणे म्हणजे न धुता सदऱ्याला इस्त्री करणे. व्हिनाइलची तबकडी शुद्ध केलेले पाणी आणि सौम्य साबणाचा थेंब घेऊन मऊ कापडाने खाचेच्या दिशेने पुसावी. मधले लेबल कोरडे ठेवावे. तबकडी पूर्ण सुकल्याशिवाय आत घालू नये. पाकिटाचे तोंड वरच्या बाजूला ठेवून ते जाकिटात सरकवावे, म्हणजे तबकडी घरंगळून बाहेर येत नाही आणि धूळही कमी जाते. जुने छापील पाकीट फेकू नये. तेही मालाचाच भाग आहे. ते जाकिटात मागे ठेवावे आणि तबकडी नव्यात घालावी.

रेकॉर्डी नेहमी उभ्या ठेवाव्यात. आडवी थप्पी लावली तर खालचा माल वाकतो आणि दाबाने पाकीट चिकटते. शंभर एलपींचे वजन वीस-पंचवीस किलो भरते, हे फळी ठोकताना लक्षात असावे.

कारागिरांसाठी काम

कागदी पाकीट घरी बनवता येते. बाइंडिंग आणि लिफाफ्याचे काम करणाऱ्या आपल्या भावांनी हिशेब पाहावा. १२ इंची तबकडीसाठी सव्वाबारा इंच रुंदीचे पाकीट लागते. दोन्ही बाजूंना चिकटवण्याची पट्टी धरून कागद साडेतेरा इंच रुंद आणि खाली एकच घडी घालून साडेचोवीस इंच लांब हवा. २५ बाय ३६ इंचाच्या एका तावात असे दोन नग निघतात. नऊ इंचाची जी पट्टी उरते तिच्यातून ७ इंची रेकॉर्डचे एक पाकीट होते. खळ पट्टीवरच लावावी, आत येऊ देऊ नये. घडी बाहेरून दाबावी.

शेवटी एक गोष्ट. नवे पाकीट घालून ओरखडलेली तबकडी नवी म्हणून खपवणे ही फसवणूक आहे. ह. मुहम्मद (स.) यांनी मदीनेच्या बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आतला दाणा ओला लागला. भिजलेला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. रेकॉर्डच्या दुकानदारानेही तबकडी स्वतः बाहेर काढून उजेडात दाखवावी, रेघ असेल तर रेघ सांगावी, आणि मग स्वच्छ पाकिटात घालून द्यावी. असे गिऱ्हाईक पुन्हा येते, आणि रोजीत बरकतही राहते.