छत्रीची मूठ

जुन्या शालेय पुस्तकांत ती महारोहिणी होती, आता महाधमनी झाली. डॉक्टर मंडळी नुसतं ‘एओर्टा’ म्हणून मोकळी होतात. आकार मात्र छत्रीच्या दांड्याचा. वर वळलेली मूठ, खाली पाठीच्या कण्याला धरून सरळ उतरलेली काठी.

हृदयाच्या डाव्या कप्प्यातून निघताना ती साधारण तीन सेंटिमीटर रुंद असते. हा चढता भाग. झडपेच्या लगेच वर तिच्या पहिल्या दोन शाखा फुटतात, त्या खुद्द हृदयालाच रक्त देणाऱ्या. वाढप्यानं आधी स्वतःचं पान वाढून घेतल्यासारखं! पण डाव्या कप्प्याच्या जाड भिंतीला हे रक्त मुख्यतः हृदय सैल पडल्यावरच पोचतं. तेव्हा ते ढकलतं कोण? महाधमनीच. प्रत्येक ठोक्याला आलेल्या सुमारे ७० मिलिलिटर रक्तानं ती फुगते आणि पुढच्या क्षणी आक्रसून ते पुढं रेटते. वयाबरोबर ही लवचिकता जाते आणि रक्तदाबाचा वरचा आकडा चढू लागतो.

मग कमान. डोकं आणि हात यांच्यासाठी इथून तीन फांद्या निघतात. मला मौज वाटते ती कमानीखालच्या एका मज्जातंतूची. डाव्या स्वरतंतूकडे जायचं तर हा गळ्यातून छातीत उतरतो, कमानीला खालून वळसा घालतो आणि पुन्हा वर चढतो. त्यामुळं कमान फुगली तर कधीकधी आवाज बसतो. दुखणं छातीत, तक्रार घशाची.

उतरता भाग फासळ्यांच्या मधल्या जागांना रक्त देत श्वासपटलामागून पोटात शिरतो. तिथं जठर, यकृत, आतडी, मूत्रपिंडं यांचा वाटा काढून बेंबीच्या आसपास, कमरेच्या चौथ्या मणक्यापाशी, तो दोन पायांसाठी दुभंगतो.

ही नावं केवळ परीक्षेपुरती नाहीत. भिंतीचा आतला पदर फाटून रक्त थरांत शिरलं, तर फाट चढत्या भागात असल्यास बहुधा ताबडतोब ऑपरेशन. फक्त उतरत्या भागात असल्यास पुष्कळदा औषधांवर निभावतं. या फाटींची भागवार वर्गवारी करणाऱ्यांत ह्यूस्टनचे सर्जन मायकेल डीबेकी अग्रणी. १९५०च्या दशकात बायकोच्या शिलाई मशीनवर डेक्रॉनच्या कृत्रिम धमन्या शिवणारे हेच. २००५च्या अखेरीस, ९७व्या वर्षी, त्यांची स्वतःचीच महाधमनी फाटली. ऑपरेशनला त्यांनी आधी नकार दिला होता. २००६च्या फेब्रुवारीत ते झालं, आणि त्यानंतर डीबेकी २००८च्या जुलैपर्यंत जगले.