एका घरात दोन अपंग, तर अर्जही दोन



मागील आडसाली हंगामात लागणीच्या नोंदी घेत आम्ही इंदापूर तालुक्यात नीरा डाव्या कालव्याच्या एका फाट्यावरील वाडीवर गेलो होतो. तेथे आपल्या एका सभासदाचा अर्ध्या एकराचा तुकडा आहे. नाव येथे देत नाही. काचबिंदूने त्यांची दोन्ही डोळ्यांची नजर गेली, त्याला आता आठ-नऊ वर्षे झाली. पत्नीचा उजवा पाय लहानपणीच्या पोलिओने लुळा आहे. काठी घेऊन त्या घरातल्या घरात फिरतात, पण बांधावरून चालणे जमत नाही. मुलगी सासरी नांदते. घरात तिसरे माणूस नाही.

ही दोघे शेती कशी करतात हे पाहण्यासारखे आहे. उसाला पाणी द्यायचे असले, की मालक पत्नीला पाठीवर घेऊन पाटाच्या कडेला आणून बसवतात. बाई तेथून पाहतात आणि सांगतात, "आता डावीकडं चार पावलं. हितं फोडा." मालक फावड्याने बारे फोडतात, सरीच्या शेवटाला अनवाणी उभे राहतात आणि पायाला पाणी लागले की पुढची सरी धरतात. आम्ही विचारले, "रात्रीची लाईट असली तर कसे जमते हो?" तर हसून म्हणाले, "साहेब, मला दिवस-रात सारखीच. बॅटरी हिच्यासाठी लागती."

आंधळ्याच्या खांद्यावर पांगळा बसतो आणि दोघे मिळून रान पार करतात, हा दृष्टांत आपण कीर्तनात ऐकत आलो. तो प्रत्यक्ष पाहिला आणि आम्हाला कौतुक वाटले. पण नुसत्या कौतुकाने चूल पेटत नाही. म्हणून सहज विचारले, सरकारी मदत काय मिळते? मालकांना संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान चालू होते. आणि बाईंना?

बाई म्हणाल्या, "अवो साहेब, मी कशाची अपंग? मी तर ह्यांना सांभाळते."

शेरा आमचाच

घरी येऊन आम्ही जुनी नोंदवही काढली. पाच वर्षांपूर्वीच्या पानावर त्या सभासदाच्या नावापुढे शेरा होता : "सभासद अंध. पत्नी सांभाळ करते." अक्षर आमचेच. पाच वर्षे आम्ही त्या अंगणात चहा घेतला आणि बाईंच्या हातातली काठी आम्हाला दिसली नाही. जो सांभाळतो तो धडधाकट, असे आपण सगळेच गृहीत धरतो. सांभाळणारा स्वतःही तसेच समजतो.

याची किंमत त्या घराने श्रावणात मोजली. पावसात अंगणात बाईंचा पाय घसरला, मनगट मोडले, सहा आठवडे प्लॅस्टर. काठी धरायला हात नाही म्हणून बाई जागेवर, आणि सांगणारे कोणी नाही म्हणून मालकही जागेवर. मुलगी येऊन राहिली तेव्हा दोन घास मिळाले. बाळबांधणीला उशीर झाला तो झालाच. अशा घरात एक माणूस पडले, की दोन पडतात. म्हणून अशा घराला मदत दोघांच्या नावाने हवी.

मध्यंतरी बाईंनी एकदा चौकशी केली होती. तेथे कोणी तरी सांगितले, "घरात एक अर्ज चालू आहे ना, मग दुसरा कशाला?" त्या परत आल्या. ही समजूत पुष्कळ गावांत आहे, आणि तिला थोडे कारणही आहे. अनेक वर्षे या योजनेत एका लाभार्थ्याला दरमहा 600 रुपये आणि एका कुटुंबात एकाहून अधिक लाभार्थी असले तर मिळून 900 रुपये असा दर होता. दुसऱ्या माणसाचे अपंगत्व जणू अर्ध्या किमतीचे! तो दर आता राहिलेला नाही. 2023 साली दर लाभार्थ्यामागे 1500 रुपये झाले आणि 2025 साली अपंग लाभार्थ्यांसाठी ते 2500 करण्याचा निर्णय झाला. दर बदलला तरी गावातली समजूत मात्र जुनीच राहिली.

कायदा काय म्हणतो?

सरकारी कागदावर आता 'दिव्यांग' असा शब्द आहे. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. त्याच्या जागी दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 आला, तो 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला आणि प्रकार 21 झाले. बहुतेक सवलतींसाठी किमान 40 टक्के अपंगत्व लागते.

या कायद्याच्या दुसऱ्या कलमात सांभाळ करणारा कोण, याची व्याख्या दिली आहे. आईवडील, कुटुंबातील इतर माणसे किंवा कोणीही व्यक्ती, मग पैसे घेऊन करो वा न घेता, अपंग व्यक्तीची देखभाल वा मदत करीत असेल तर ती सांभाळ करणारी. ती व्यक्ती स्वतः धडधाकट असावी अशी अट व्याख्येत नाही.

कलम 24 पुढे सांगते, की सरकारने आपल्या आर्थिक ऐपतीच्या मर्यादेत योजना कराव्यात. त्यांत ज्यांना फार मोठ्या आधाराची गरज आहे अशा अपंगांसाठी सांभाळ भत्ताही धरला आहे. हा भत्ता सांभाळणाऱ्याच्या नव्हे, तर ज्याला आधार लागतो त्याच्या नावे सांगितला आहे. म्हणजे "तू स्वतः अपंग, मग दुसऱ्याला कसा सांभाळतोस?" हा प्रश्नच उरत नाही. आधार दोघांनाही लागत असेल तर प्रत्येकाची गरज वेगळी तपासायची. अशा गरजेची तपासणी मंडळाकडून करून घेण्याची तरतूद कलम 38 मध्ये आहे.

कायद्यात लिहिले म्हणजे लगेच हाती पडले असे होत नाही, हे आपण पाणीवाटपावरून जाणतोच. केरळ राज्याने 2010 साली 'आश्वासकिरणम्' नावाची योजना काढून अंथरुणाला खिळलेल्यांना सांभाळणाऱ्यांसाठी दरमहा मदत ठरवली. आपल्याकडे तहसीलला निराधार योजनेचा जो अर्ज भरतात, तो सांभाळणाऱ्याचा नव्हे, अपंगाचा अर्ज आहे. म्हणून ज्या घरात सांभाळणाराही अपंग आहे, तेथे त्याने "मी सांभाळतो" हे बाजूला ठेवून "मीही अपंग आहे" असा आपला अर्ज आधी भरला पाहिजे.

विलायतेतला दाखला

इंग्लंडात सांभाळणाऱ्याला भत्ता देण्याची पद्धत 1976 साली सुरू झाली. आठवड्याला किमान 35 तास सांभाळ करावा लागतो आणि ज्याला सांभाळायचे त्याला ठराविक अपंगत्व मदत चालू असावी लागते. दोघे अपंग एकमेकांना सांभाळत असतील आणि दोघांनाही ती मदत चालू असेल, तर दोघेही एकमेकांसाठी अर्ज करू शकतात.

पण तेथेही सुरुवातीला डोळ्यांवर पट्टी होती. लग्न झालेल्या बाईला हा भत्ता मिळत नसे. ती घरीच असते, सांभाळणे तिचे कामच आहे, असा हिशोब. जॅकलिन ड्रेक नावाच्या बाईने आजारी आईसाठी नोकरी सोडली होती. तिने दाद मागितली आणि 1986 साली युरोपच्या न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. आपल्या वाडीवरच्या बाईंचे म्हणणे आणि त्या सरकारचा जुना हिशोब यांत फारसा फरक नाही.

करायचे काय?

1. दोघांचे दाखले वेगळे काढा. सेवा केंद्रातून स्वावलंबन पोर्टलवर प्रत्येकाचा अर्ज भरा आणि तपासणीला दोघांनीही एकाच दिवशी जाता येईल असे पाहा. टक्केवारी डॉक्टर ठरवतील. आपण आधीच "माझे काही नाही" म्हणू नये.

2. तहसीलच्या संजय गांधी शाखेत दोन स्वतंत्र अर्ज द्या. वय 65 च्या आत असावे, त्यापुढे श्रावणबाळ योजना आहे. रहिवासाचा, वयाचा, उत्पन्नाचा आणि अपंगत्वाचा दाखला, आधार व बँकेचे पासबुक लागते. पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.

3. अपंगांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 50,000 रुपये अशी ठरलेली आहे. येथे ऊस बिल आडवे येते. तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे जाताना बिलाची पावती, सोसायटीच्या कपातीचा उतारा, खत-बेण्याच्या पावत्या न्या आणि खरा हिशोब समोर ठेवा. निर्णय त्यांचा. खोटा दाखला मात्र कोणी काढू नये. उद्या वसुली निघाली तर ती आपल्यालाच भरावी लागते.

4. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील 5 टक्के रक्कम अपंगांवर खर्च करायची आहे. पूर्वी हे प्रमाण 3 टक्के होते. ग्रामसभेत दोघांची नावे यादीत चढवून घ्या.

5. एसटीत अपंगाला 75 टक्के सवलत आहे. 65 टक्क्यांवर अपंगत्व असेल तर सोबत्याला निम्मी. सोबतीच स्वतः अपंग असेल तर त्याने सोबती म्हणून निम्मे तिकीट न काढता स्वतःच्या कार्डावर 75 टक्क्यांची सवलत घ्यावी. बायकांना 2023 पासून अर्धे तिकीट आहेच, पण अपंग बाईचे कार्ड असेल तर तेच दाखवावे.

आईनंतर कोण?

बारामती तालुक्यात एक घर आहे. आईला अर्धांगवायू, तिशीतला मुलगा बुद्धीने लहान. मुलगा आईला उठवतो, पाणी तापवतो, गुरांना वैरण घालतो. कधी काय करायचे हे आई बाजेवरून सांगते. एकाचे हात आणि दुसऱ्याची अक्कल, असा संसार आहे. आईचा प्रश्न एकच : "माझ्या माघारी ह्याला कोण सांगणार?"

अशा मुलासाठी 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणे कायदेशीर पालक नेमता येतो. जिल्हाधिकाऱ्यांचा समावेश असलेल्या स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. आई हयात असतानाच तिच्या मनासारखे माणूस सुचवता येते. शेअरवरची वारस नेमणूकही याच वेळी पाहून घ्यावी. अनेक सभासदांच्या कागदावर अजून वारलेल्या भावाचे नाव आहे.

शेवटी

वाडीवरच्या बाईंचा दाखला निघाला. अपंगत्व 40 टक्क्यांच्या वर भरले. आता तहसीलला त्यांचा स्वतःचा अर्ज दाखल आहे, पोच देवळीत ठेवली आहे. पैसे सुरू व्हायचे आहेत. परवा गेलो तेव्हा आम्ही नोंदवहीतला जुना शेरा खोडला आणि लिहिले : "दोघेही अपंग. दोघेही एकमेकांचा सांभाळ करतात." बाईंना वाचून दाखवले. त्या काही बोलल्या नाहीत. मालक म्हणाले, "आता बराबर झालं, साहेब."

आपल्या शेजारी असे घर असेल तर गट ऑफिसला कळवा. शेतकी मदतनीस घरी येऊन लागणीची नोंद घेईल आणि कागदपत्रांची यादीही देईल. त्यांना फक्त एवढेच विचारा, सांभाळणाऱ्याला कोण सांभाळते?

आपला,
ऊस विकास अधिकारी
शेतकी खाते