डॉक्टरेटच्या आधी एक वर्ष रुग्णालयात: अमेरिकेत न्यूरोसायकॉलॉजिस्ट कसे घडतात?

साठीतली एक व्यक्ती हल्ली नावं विसरते, बिलं दोनदा भरते. एमआरआयमध्ये मात्र वयानुसार होणारे बदलच दिसतात. मग हा डिमेन्शिया आहे की नैराश्य? उपचार काय करायचे, गाडी चालवू द्यायची का, पैशांचे व्यवहार कुणी पाहायचे, हे सगळं या उत्तरावर ठरतं.

एमआरआयमधून मेंदूची रचना दिसते. मेंदू रोजची कामं कितपत करतोय, हे क्लिनिकल न्यूरोसायकॉलॉजिस्ट तपासतात. स्मृती, लक्ष, भाषा, नियोजन अशा क्षमतांच्या चाचण्या काही तास चालतात. अमेरिकेत हे काम स्वतंत्रपणे करण्याआधी विद्यार्थ्यांना एक अवघड टप्पा पार करावा लागतो, तो म्हणजे प्रीडॉक्टरल इंटर्नशिप.

ही इंटर्नशिप म्हणजे काय?

क्लिनिकल सायकॉलॉजीत पीएचडी किंवा सायडी करणाऱ्यांना पदवी मिळण्याआधी साधारण एक वर्ष पूर्णवेळ प्रत्यक्ष काम करावं लागतं. विद्यापीठांची वैद्यकीय केंद्रं, मुलांची रुग्णालयं, माजी सैनिकांची रुग्णालयं अशा ठिकाणी हे प्रशिक्षण मिळतं. अपस्मार, स्ट्रोक, डोक्याला मार, डिमेन्शिया असे रुग्ण इंटर्न तपासतात. चाचणी घेणं, अहवाल लिहिणं आणि निष्कर्ष कुटुंबाला समजावून सांगणं ही त्यांची कामं. या सगळ्यावर वरिष्ठांची देखरेख असते.

पुस्तकं वाचून भागत नाही का?

नाही, कारण नुसत्या गुणांवरून निदान होत नाही. समजा, शब्दांची यादी आठवण्याच्या चाचणीत दोघांना सारखेच कमी गुण मिळाले. एकाला नंतर तेच शब्द दाखवले की तो लगेच ओळखतो. म्हणजे शब्द मेंदूत साठले आहेत, फक्त आठवून बाहेर येत नाहीत. दुसऱ्याला ते ओळखूही येत नाहीत. अल्झायमरमध्ये बऱ्याचदा असं दिसतं. गुण सारखे असले तरी अर्थ वेगळा निघतो.

त्यात भाषा आणि संस्कृतीचाही प्रश्न येतो. चित्र पाहून नाव सांगण्याच्या 'बॉस्टन नेमिंग टेस्ट'मध्ये ६० चित्रं असतात. त्यात इग्लू आहे, प्रेत्झेलही आहे. मुलाकडे अमेरिकेत राहायला गेलेल्या मराठी आजींना प्रेत्झेल ओळखता आला नाही, तर तो आजार म्हणायचा का? अशा वेळी आकड्यापलीकडे पाहण्याची सवय अनुभवी व्यक्तीच्या हाताखालीच लागते.

जागा कशी मिळते?

विद्यार्थी अर्ज करतात, मुलाखती देतात आणि मग आपल्या पसंतीची क्रमवार यादी देतात. संस्थाही उमेदवारांची तशीच यादी देतात. संगणक दोन्ही याद्या जुळवतो. याला 'मॅच' म्हणतात. पहिल्या फेरीचा निकाल फेब्रुवारीत लागतो आणि तो दोन्ही बाजूंना बंधनकारक असतो. त्यामुळे एका वर्षासाठी घर, जोडीदार, मुलं यांची घडी मोडून देशाच्या दुसऱ्या टोकाला जावं लागू शकतं. पहिल्या फेरीत जागा मिळाली नाही तर दुसरी फेरी असते. तिथेही हुकलं तर पदवी लांबू शकते. २०१०च्या आसपास जागा अर्जदारांपेक्षा बऱ्याच कमी होत्या आणि अनेकांची वर्षं वाया गेली. नंतर जागा वाढल्या.

इंटर्नशिप संपली की झालं?

नाही. १९९७च्या ह्यूस्टन परिषदेत या शाखेच्या प्रशिक्षणाचा आराखडा ठरला. त्यानुसार डॉक्टरेट आणि इंटर्नशिपनंतर आणखी दोन वर्षांची रेसिडेन्सी अपेक्षित असते. म्हणूनच इंटर्नशिपमध्ये फक्त न्यूरोसायकॉलॉजी शिकवत नाहीत. नैराश्य, चिंता, व्यसन यांचे रुग्णही पाहावे लागतात. नैराश्य ओळखता आलं नाही, तर डिमेन्शियाचं निदानही चुकू शकतं.

भारतात काय?

भारतातली वाट वेगळी आहे. इथे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. भारतीय रुग्णांसाठी बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २००४ मध्ये चाचण्यांचा स्वतंत्र संच प्रसिद्ध केला.

घरातल्या कुणाची अशी तपासणी होणार असेल, तर शिक्षण, मातृभाषा, झोप, ऐकू येण्यातल्या अडचणी आणि सुरू असलेली औषधं ही माहिती आधीच सांगा. ती लपून राहिली, तर गुण बरोबर असूनही निष्कर्ष चुकू शकतो.