रोजच्या वाहनांचे फोटो



दसऱ्याला आपण ट्रॅक्टर, मोटारसायकल, सायकल धुऊनपुसून ठेवतो. हळदकुंकू वाहतो, झेंडूचा हार घालतो आणि मग फोटो काढतो. असे फोटो बहुतेक घरांत सापडतील. पण तोच ट्रॅक्टर शेणखताची ट्रॉली ओढतो आहे, तीच मोटारसायकल दुधाचे कॅन घेऊन डेअरीला निघाली आहे, असा फोटो शोधा बरं! सहसा सापडणार नाही. रोज दिसते त्याचा फोटो कशाला, असे आपल्याला वाटते. खरे म्हणजे रोज दिसते आहे तोवरच त्याचा फोटो निघतो. पुढे कधी काढू म्हटले, तर ते वाहन रस्त्यावर नसते.

याचे उदाहरण आपल्या बार्शी भागातच आहे. १८९७ साली बार्शी लाईट रेल्वे सुरू झाली. रुळांमधले अंतर अवघे अडीच फूट! पुढे हा मार्ग पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत वाढला. चालू शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत रूळ रुंद झाले आणि ती छोटी गाडी गेली. तिच्यात बसून बाजाराला, वारीला गेलेली माणसे अजून आपल्यात आहेत. घरी आजीआजोबांना विचारा. गाडीच्या गोष्टी भरपूर निघतील, फोटो क्वचितच निघेल.

आता फोटो कसा काढायचा ते पाहू. कॅमेरा सेकंदाच्या अगदी लहान भागापुरता उजेड आत घेतो. मोबाईलमध्ये हा वेळ आपोआप ठरतो. नळाची धार मोठी असली की घागर लवकर भरते, बारीक असली की वेळ लागतो. उजेडाचेही तसेच आहे. भर उन्हात कमी वेळ पुरतो, संध्याकाळी जास्त लागतो. तेवढ्यात वाहन पुढे सरकले की फोटो पुसट येतो.

याचे गणित सोपे आहे. समजा, कॅमेऱ्याने सेकंदाचा शंभरावा भाग वेळ घेतला. बैलगाडी सेकंदाला सुमारे १ मीटर चालते. म्हणजे तेवढ्यात ती १ सेंटीमीटर सरकली. लांबून काढलेल्या फोटोत ते कळतही नाही. पण ताशी ५४ किलोमीटर वेगाने जाणारी एस. टी. सेकंदाला १५ मीटर जाते. तेवढ्याच वेळात ती १५ सेंटीमीटर सरकली, आणि तिच्या अंगावरची अक्षरे वाचता येईनाशी झाली. तोच वेळ हजारावा भाग असेल, तर ती दीड सेंटीमीटरच सरकेल. म्हणून धावत्या गाडीचा फोटो चांगल्या उजेडात काढावा.

दुसरीही एक युक्ती आहे. बस समोरून जाऊ लागली की कॅमेरा तिच्याबरोबर फिरवत राहायचा आणि फिरवता फिरवताच बटण दाबायचे. मग बस स्पष्ट येते, आणि मागची बाभळ, घरे आडव्या रेघांसारखी दिसतात. बघणाऱ्याला गाडीचा वेग कळतो.

एक गंमत शाळेच्या मैदानात करून बघा. संध्याकाळच्या उजेडात मित्राला तुमच्यासमोरून आडवी सायकल न्यायला सांगा. या वेळी कॅमेरा हलवू नका. फोटोत चाकाच्या खालच्या तारा स्पष्ट आणि वरच्या पुसट दिसतील. असे का? चाकाचा जो भाग जमिनीला टेकतो, तो त्या क्षणापुरता थांबलेला असतो. सगळ्यात वरचा भाग मात्र सायकलच्या दुप्पट वेगाने पुढे जात असतो. नुसत्या डोळ्याला हे दिसत नाही, फोटोत दिसते.

फोटोत नुसते वाहन नको. बैलगाडीत कडबा आहे की माणसे, वडापच्या टपावर काय बांधले आहे, रस्ता कच्चा की डांबरी, हेही दिसू द्या. एक फोटो लांबून घ्या, एक जवळून. जवळून घेताना बैलगाडीचे जू, शिवळा, साटी, आरे आणि चाकावरची लोखंडी धाव घ्या. ही नावे गाडीवानाला विचारून लिहून ठेवा. आता टायरच्या गाड्या आल्या, लाकडी चाके कमी झाली. नावच विसरले, तर फोटोतली वस्तू ओळखणार कोण?

फोटोबरोबर तारीख, ठिकाण आणि गाडी कुठून कुठे चालली होती, एवढे लिहाच. १ जून १९४८ रोजी पहिली एस. टी. पुण्याहून अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) गेली. त्याच मार्गावर १ जून २०२२ रोजी विजेवर चालणारी 'शिवाई' बस सुरू झाली. तारखा लिहिलेल्या आहेत म्हणूनच आपण सांगू शकतो, की मधे ७४ वर्षे गेली. आपल्या गावात पहिली एस. टी. कोणत्या दिवशी आली, हे कुणाला सांगता येईल का?

काही नियम पाळा. रस्त्याच्या मधे उभे राहू नका. चालत्या गाडीतून हात किंवा डोके बाहेर काढू नका. माणसाचा फोटो घेण्याआधी त्याला विचारा.

पालकांना एक विनंती. फोटो नुसता मोबाईलमध्ये ठेवू नका. मोबाईल बिघडला की फोटोही जातात. निदान एक छापून घ्या आणि मागे पेन्सिलीने माहिती लिहा. घरात जुन्या गाडीचा, सायकलचा, बैलजोडीचा फोटो असेल, तर आठ दिवसांसाठी शाळेत द्या. या लेखाखाली मोकळी जागा ठेवली आहे. ती तुमच्या फोटोंसाठी आहे.

— इयत्ता सातवी