बेडकाची ढाल

माझे मामा पिंपरीच्या पेनिसिलीनच्या कारखान्यात आयुष्यभर नोकरीला होते. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना १९५४ सालची; मामा १९६१ साली तेथे लागले. सुट्टीत आम्ही भाचरे त्यांच्याकडे गेलो, की ते छाती फुगवून म्हणत, "अरे, आता जंतूंचे दिवस भरले!" आणि आम्हाला ते खरे वाटे.

गेल्या पावसाळ्यात याच मामांच्या पायाच्या अंगठ्याला चप्पल लागून फोड आला. पंचवीस वर्षांचा मधुमेह. पायाला संवेदना कमी. लक्षात येईपर्यंत जखम चिघळली होती. रुग्णालयात पू तपासला आणि एक कागद हाती आला. एकाखाली एक औषधांची नावे, आणि जवळजवळ प्रत्येकापुढे इंग्रजी 'आर' हे अक्षर. म्हणजे जंतू या औषधाला दाद देत नाहीत! मामांनी चष्मा लावून सारा कागद वाचला. ज्या औषधांच्या घराण्यात त्यांची हयात गेली, त्यांतले एकही कामाचे नव्हते. तळाशी एकच नाव उरले: कोलिस्टिन.

"मूत्रपिंडांना त्रास होऊ शकतो," डॉक्टर म्हणाले, "पण दुसरे काही हाताशी नाही."

मामांनी विचारले, "हे कुठल्या बुरशीचे?"

डॉक्टर घाईत होते. उत्तर शोधण्याचे काम माझ्याकडे आले, आणि त्यातून मी एका अजब प्रदेशात शिरलो.

कोलिस्टिन बुरशीचे नव्हे. १९४९ साली जपानमध्ये मातीतल्या एका जंतूपासून ते मिळाले. रसायनशास्त्राच्या भाषेत ते पेप्टाइड, म्हणजे ॲमिनो आम्लांचे मणी ओवून केलेली आखूड माळ. अशाच माळा पुष्कळ लांब झाल्या की त्यांना प्रथिने म्हणतात. मूत्रपिंडांना बाधते म्हणून हे औषध मध्यंतरी अडगळीत पडले होते. बाकीची हरू लागली तेव्हा त्याला पुन्हा बाहेर काढले. आणि संतापाची गोष्ट अशी, की माणसाचा जीव ज्याच्यावर टांगलेला, ते आपल्याकडे कोंबड्या लवकर भराव्यात म्हणून खाद्यात मिसळले जात असे! २०१९ साली सरकारने त्यावर बंदी घातली.

पण अशा माळा केवळ जंतूच ओवतात असे नाही. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत मायकेल झॅस्लॉफ नावाचे शास्त्रज्ञ आफ्रिकेतल्या नखवाल्या बेडकांवर काम करीत. अंड्यांसाठी बेडकीचे पोट चिरायचे, टाके घालायचे आणि तिला पुन्हा टाकीत सोडायचे, हा नित्याचा क्रम. टाकीतले पाणी गढूळ, जंतूंनी बुजबुजलेले. एके दिवशी त्यांच्या मनात आले, या जखमा पिकत कशा नाहीत? आपल्यापैकी कोणी टाक्यांसकट गटारात उतरला असता, तर चौथ्या दिवशी तापाने फणफणला असता. त्यांनी बेडकाची कातडी तपासली, आणि तीत तेवीस मण्यांची पेप्टाइडे सापडली. १९८७ साली त्यांनी हा शोध प्रसिद्ध केला. हिब्रू भाषेत ढालीला 'मागेन' म्हणतात. त्यावरून नाव ठेवले मॅगेनिन.

ही ढाल चालते कशी? जंतूच्या बाहेरच्या पापुद्र्यावर ऋण विद्युत्भार असतो, या माळेवर धन. साहजिकच माळ जंतूला जाऊन चिकटते, पापुद्र्यात घुसते आणि त्याला भोके पाडते. जंतू पाझरून मरतो. आपल्या पेशींच्या बाहेरच्या अंगावर असा भार जवळजवळ नसतो, शिवाय त्यांच्या आवरणात कोलेस्टेरॉल असते. म्हणून त्या पुष्कळशा बचावतात. (एरवी डॉक्टरांच्या शिव्या खाणारे कोलेस्टेरॉल येथे उपयोगी पडते!) पेनिसिलीन जंतूच्या भिंतीच्या बांधकामातला एक कारागीर अडवते, जंतू तो कारागीर बदलतो, नाहीतर औषधच कापून टाकतो. सारा पापुद्रा बदलणे त्याहून कठीण. अशक्य मात्र नाही. पापुद्र्यावरचा भार कमी करून जंतू कोलिस्टिनलाही चुकवू शकतात, आणि ती युक्ती दुसऱ्या जंतूंच्या हवाली करणारे जनुक २०१५ साली चीनमध्ये आढळले.

आपल्या अंगातही असली शस्त्रे आहेत: पांढऱ्या पेशींत, कातडीत, घामातसुद्धा. मग औषधाच्या दुकानात ती का नाहीत? पोटात घेतली तर अन्नासारखी पचून जातात, रक्तात फार वेळ टिकत नाहीत, बनवायला महाग. काही तर तांबड्या पेशीही फोडतात. मॅगेनिनवरून एक मलम तयार केले होते, तेही नेमके मधुमेह्यांच्या पायाच्या जखमांसाठी! हे वाचताना मी खुर्चीत सरसावून बसलो. १९९९ साली अमेरिकन सरकारने त्याला परवानगी नाकारली. २०१६ साली नव्या चाचण्यांतही ते उतरले नाही. मामांना हे सांगायला मला दोन दिवस लागले.

त्यांना आवडली ती दुसरी हकीगत. आपल्या सह्याद्रीत राहणाऱ्या एका बेडकाला २०१५ साली 'बहुविस्तार' असे नाव मिळाले. त्याच्या कातडीतली बत्तीस पेप्टाइडे तिरुअनंतपुरमच्या आणि अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनी तपासली. चार इन्फ्लुएन्झाच्या विषाणूला भारी पडली, आणि त्या चारांत एकच रक्ताला निरुपद्रवी निघाले. कळरीपयट्टूतल्या लवचिक तलवारीवरून त्याला उरुमीन म्हणतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांत त्याने उंदीर वाचवले. माणसाची गोष्ट अजून दूर आहे.

मामांचा अंगठा कापावा लागला, पाय राहिला. कोलिस्टिनने काम केले, आणि मूत्रपिंडांकडून त्याची किंमतही घेतली. परवाच्या रक्ततपासणीत सुधारणा दिसली. तो कागद माझ्या हाती देत मामा म्हणाले, "हे असू दे. त्या बेडकाचे पुढे काही छापून आले का, ते बघ."