कारखान्याची किल्ली कुणाच्या उशाखाली?

१८ मे २०२५, रविवारची पहाट. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ जणांचा त्यात अंत झाला. त्यात कामगार होते, कारखान्याचे वयोवृद्ध मालक होते आणि त्यांच्या घरची माणसंही होती. एक तान्हं लेकरूसुद्धा त्यातून वाचलं नाही. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन.

त्या बातमीनं आपल्यापैकी अनेकांच्या घरात त्या दिवशी जेवण गोड लागलं नसेल. कारण ती आपल्यासारख्याच घराची गोष्ट होती. खाली किंवा शेजारी माग, वर किंवा मागे बिऱ्हाड. मालेगाव, भिवंडी, सोलापूर, इचलकरंजी, कुठंही जा, आपल्या हजारो कुटुंबांचा संसार असाच चालतो. जिथं धागा चालतो तिथंच चूल पेटते आणि तिथंच मुलं वाढतात.

त्याच्या दीड वर्ष आधी, ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे, छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूज एमआयडीसीत हातमोजे बनवणाऱ्या कारखान्यात सहा कामगार गेले. त्याच्याही आधी, १८ डिसेंबर २०१७ च्या पहाटे, मुंबईत साकीनाक्याच्या खैरानी रोडवर फरसाणच्या दुकानाला लागलेल्या आगीत बारा जण गेले. तीन गावं, तीन वेगळे धंदे. पण वेळ जवळपास एकच, अंधाराची. आणि तिन्ही ठिकाणी माणसं कामाच्या जागेतच झोपलेली होती.

आसरा दिला, पण वाट?

कामगार कारखान्यात का झोपतो, हे आपल्याला माहीत आहे. तो उत्तर प्रदेशातून, बिहारमधून आलेला असतो. खोलीचं भाडं वाचलं तर तेवढे पैसे गावी जातात. मालकही म्हणतो, "राहा बाबा, जागा आहे." यात वाईट काही नाही. परक्या गावात आलेल्याला छप्पर देणं ही नेकीच आहे.

पण त्याच रात्री मालक आणखी एक गोष्ट करतो. चोरीच्या भीतीनं शटर बाहेरून ओढतो, कुलूप लावतो आणि किल्ली घेऊन घरी येतो. किंवा आतून लावून किल्ली मुकादमाकडे देतो. खिडक्यांना जाळी तर आधीपासूनच असते. पोटमाळ्यावर झोपलेल्यांना उतरायला एकच लोखंडी शिडी, आणि ती शिडी उतरते नेमकी सुताच्या गठ्ठ्यांपाशी.

आपण दिलेला आसरा त्या क्षणी कैदखाना होतो. मनात तसं काही नसतानाही होतो.

आगीत माणूस बहुतेक वेळा ज्वाळांनी नाही, धुरानं जातो. सूत, तूस, प्लास्टिकचे कोन, फोम पेटले की काही मिनिटांत खोली काळ्या धुरानं भरते. झोपेतला माणूस खोकत उठतो तोवर त्याला दार कुठं आहे हेच दिसत नाही. अशा वेळी किल्ली शोधायला सवड नसते. दार एक तर उघडं असतं किंवा नसतं.

मदीनेतलं एक घर

बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आदरणीय अबू मूसा (र.) यांच्याकडून एक प्रसंग आला आहे. मदीनेत एका रात्री एक घर आतल्या माणसांसह जळालं. ही गोष्ट प्रेषित मुहम्मद (स.) यांना सांगण्यात आली, तेव्हा त्यांनी लोकांना बजावलं की आग ही तुमची शत्रू आहे, झोपण्याआधी ती विझवत जा. दुसऱ्या एका हदीसमध्ये रात्री दिवा मालवण्याचं कारणही सांगितलं आहे. उंदीर वात ओढून नेतो आणि घर पेटवतो.

जरा थांबून विचार करा. दुर्घटना घडली, तेव्हा प्रेषितांनी (स.) केवळ सबरचा उपदेश करून विषय संपवला नाही. कारण दाखवलं आणि उपाय सांगितला. आजच्या भाषेत अपघाताची चौकशी आणि खबरदारीची सूचना म्हणतात ती हीच. आज उंदराची आणि वातीची जागा उघड्या वायरनं आणि मोटारीवर साचलेल्या तुसानं घेतली आहे, एवढाच फरक.

तरीही आपल्याकडे एक वाक्य फार सहज येतं, "ज्याची जेव्हा लिहिलीय तेव्हाच येणार." तकदीरवर आपला ईमान आहेच. पण उंट मोकळा सोडून भरवसा ठेवू का, असं विचारणाऱ्याला आधी उंट बांध आणि मग अल्लाहवर भरवसा ठेव, असंच उत्तर मिळालं होतं. तिर्मिजीमधली ही हदीस आपण मुलांना शिकवतो. कारखान्यात मात्र उंट मोकळाच असतो.

"आपण लहान, आपल्याला कायदा लागू नाही"

हे दुसरं वाक्य. त्यात थोडं तथ्य आहे आणि तिथंच फसगत होते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. त्यातली एक कामाच्या जागेवरील सुरक्षा आणि आरोग्याची. तिच्या व्याख्येप्रमाणे वीज वापरून काम होत असेल तर वीस, आणि विजेशिवाय असेल तर चाळीस कामगार असले की ती जागा 'कारखाना' ठरते. पण ही संहिता फक्त कारखान्यांपुरती नाही. दहा किंवा अधिक कामगार असलेली आस्थापनाही तिच्या कक्षेत येते. कामाची जागा धोकामुक्त ठेवणं, कामगाराला नेमणूकपत्र देणं, ठरलेल्या वर्गातल्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी करणं ही मालकाची कर्तव्यं तिथं लिहिलेली आहेत. महाराष्ट्रात हे काम औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय पाहतं.

आगीपुरतं बोलायचं तर राज्यात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा आहे. इमारतीतली आगीची साधनं चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी तो मालकावर आणि जागा वापरणाऱ्यावर टाकतो. परवानाधारक संस्थेकडून ती तपासून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, प्रमाणपत्र द्यावं लागतं.

आता ज्याच्याकडे सहाच माणसं आहेत त्यानं काय समजायचं? सरकारी तपासनीस कदाचित त्याच्या दारात कधीच येणार नाही. पण तुम्ही प्रत्येक जण मेंढपाळ आहात आणि आपल्या कळपाबद्दल प्रत्येकाला विचारलं जाईल, या शिकवणुकीत किमान संख्येची अट नाही. सहा माणसांचा हिशोबही हिशोबच.

पैशाचा हिशोबही करून पाहू

खर्चाचं कारण नेहमी पुढं येतं. म्हणून आकड्यांतच बोलू.

दहा किंवा अधिक कामगार असतील आणि कामगाराचा पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल तर राज्य कामगार विमा योजना, म्हणजे ईएसआय, लागू होते. मालकाचा हिस्सा पगाराच्या ३.२५ टक्के, कामगाराचा ०.७५ टक्के. पंधरा हजार पगारावर मालकाला महिन्याला ४८८ रुपयांच्या आसपास भरावे लागतात. बदल्यात कामगाराला आणि त्याच्या कुटुंबाला दवाखाना मिळतो. कामावर मृत्यू झाला तर वारसांना मिळून सरासरी वेतनाच्या ९० टक्क्यांइतकं मासिक साहाय्य सुरू होतं.

विमा नसेल तर नुकसानभरपाई मालकाच्या खिशातून जाते. १९२३ च्या कायद्यापासून चालत आलेलं सूत्र असं आहे: कामावर मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या निम्मी रक्कम गुणिले वयानुसार ठरलेला गुणक. तीस वर्षांच्या कामगाराचा गुणक २०७.९८ आहे. पंधरा हजार वेतन धरलं तर ७,५०० गुणिले २०७.९८, म्हणजे १५,५९,८५० रुपये. चार-सहा मागांचा धंदा करणाऱ्या घरात एवढी रक्कम एकदम कुठून येणार? मग गावाकडच्या वारसांना थोडंफार देऊन अंगठा घेतला जातो. दुनियेतलं प्रकरण तेवढ्यावर मिटतं. मागे राहिलेल्या विधवेचा आणि यतीम मुलांचा हक्क मात्र आपल्या मानेवर तसाच राहतो.

ज्या दुखण्यांची बातमी होत नाही

आग एका रात्रीत नेते. काही दुखणी वीस वर्षं घेतात.

मागाच्या शेडमध्ये आवाज बहुतेक वेळा ९० डेसिबलच्या वर असतो. आठ तासांच्या पाळीसाठी आपल्याकडे ठरलेली मर्यादाच ९० ची आहे. ९५ झाला की वेळ निम्म्यावर, चार तासांवर येते. बारा-बारा तास त्यात उभा राहणारा माणूस हळूहळू बहिरा होतो. आधी त्याला अजान ऐकू येईनाशी होते, मग नातवंडांचं बोलणं. घरातले म्हणतात, "अब्बा हल्ली लक्षच देत नाहीत." लक्ष असतं हो, कान गेलेले असतात. गेलेली श्रवणशक्ती औषधानं परत येत नाही. काही रुपयांचे कानातले बोळे वेळीच मिळाले असते तर ती टिकली असती.

दुसरं दुखणं छातीचं. कापसाची धूळ वर्षानुवर्षं श्वासातून गेली की बिसिनोसिस नावाचा आजार होतो. सूतगिरणीत त्याचा धोका जास्त, पण विणकामातही तो असतो. त्याची खूण अशी की सुट्टीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळते, दम लागतो. पुस्तकात त्याला सोमवारचा ताप म्हणतात. मालेगावात माग शुक्रवारी बंद असतात, तेव्हा तिथं हीच खूण शनिवारी शोधावी. कुणी कारागीर दर शनिवारी छाती धरून बसत असेल तर त्याला बिडीचे चार बोल ऐकवून सोडू नका, दवाखान्यात न्या. बिडीनं हे दुखणं वाढतं हे खरं, पण धूळ आपल्या शेडची आहे.

तिसरी गोष्ट हातपायांची. उडालेला धोटा डोळ्यावर बसतो. उघड्या पट्ट्यात ओढणी किंवा कुडत्याची बाही अडकते. चालू माग पुसायला गेलेली बोटं परत येत नाहीत. घरी कांडी भरणाऱ्या आपल्या बहिणी-मुलींनाही हे लागू आहे. छोट्या मोटारीचा पट्टाही केस ओढतोच, आणि शेजारी बाळ रांगत असतं.

या आठवड्यात करण्यासारखं

सगळं एकदम होणार नाही. पण पुढच्या गोष्टी या आठवड्यात सुरू करता येतात.

१. रात्री आत कुणी असेल तर बाहेरून कुलूप लावायचं नाही. दार आतून, किल्लीशिवाय, एका हातानं उघडलं पाहिजे आणि बाहेरच्या बाजूला उघडलं पाहिजे. चोरीची भीती असेल तर कडी आतून लावा.

२. दुसरी वाट काढा. एका खिडकीची जाळी बिजागरीवर बसवून आतून उघडेल अशी करून घ्यायला एका वेल्डरचा अर्धा दिवस पुरतो.

३. झोपण्याची जागा सूत, गठ्ठे आणि मीटरपासून दूर करा. शक्य असेल तर चार जणांत मिळून बाहेर खोली घेऊन द्या.

४. मोटारी, बोर्ड आणि वायरींवरचं तूस रोज झाडा, तेही माग बंद करून. जोडलेल्या, चिकटपट्टी लावलेल्या वायरी बदला. जाणत्या वायरमनकडून अर्थिंग तपासा आणि गळती होताच वीज तोडणारा स्विच बसवा. रात्री मेन स्विच बंद.

५. दाराजवळ अग्निशामक सिलिंडर टांगा, काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना ते पाहत जा आणि तो चालवायचा कसा ते प्रत्येकाला एकदा हातात देऊन शिकवा. विजेच्या आगीवर पाणी मारायचं नाही, हेही सांगा.

६. पट्ट्यांना आणि गिअरला जाळीचं झाकण, धोट्याला गार्ड. चालू मागाला हात लावायचा नाही. कानाला बोळे, नाकाला मास्क. मालक स्वतः वापरेल तरच कारागीर वापरेल.

७. प्रत्येकाचं नाव, वय, गावचा पत्ता आणि घरचा फोन एका वहीत लिहा. १०१, १०८ आणि ११२ हे क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत, कामगाराला वाचता येईल त्या लिपीत लावा.

तो आपला भाऊ

आदरणीय अबूजर (र.) यांनी सांगितलेली हदीस प्रसिद्ध आहे. तुमच्या हाताखालचे लोक तुमचे भाऊ आहेत, तुम्ही खाता ते त्यांना खाऊ घाला, नेसता ते नेसवा, झेपणार नाही असा बोजा टाकू नका आणि टाकलाच तर त्यांना हात द्या, असा तिचा आशय. रमजानमध्ये आपण हे मनापासून करतो. इफ्तारचं ताट कारखान्यात जातं, ईदला कपडे जातात. अल्हम्दुलिल्लाह. आता त्याच यादीत एक ओळ वाढवायची आहे: मी ज्या खोलीत निर्धास्त झोपतो, तितकीच निर्धास्त झोप त्यालाही मिळावी.

ही गोष्ट केवळ घरच्या पुरुषांची नाही. हिशोबाची वही बहुतेक घरांत बहिणीच्या नाहीतर सुनेच्या हाती असते. किल्ल्या कुठं टांगल्या आहेत, हे घरातल्या बाईलाच नेमकं ठाऊक असतं. आज ईशानंतर दस्तरखान आवरताना फक्त एवढं विचारा, "आज कारखान्यात कोण झोपलंय? आणि दार आतून उघडतं ना?"

उत्तर "किल्ली माझ्याकडे आहे" असं आलं, तर चप्पल घालून आत्ताच जायला सांगा. सकाळची वाट पाहू नका.